जुना पहारेकरी आणि नवें कोठार

शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेंत हल्लीं एक विषय हटकून निघतो. फाटकावर, जिन्याशीं आणि वाहनतळावर दहा-बारा वर्षांपूर्वीं बसविलेले कॅमेरे अजून चालत असतात. परंतु कार्यालयांतील चित्रें सांठविणारी पेटी कधीं बंद पडलेली असते, तर कधीं नेमकी हवी ती रात्र तिच्यांत उमटलेलीच नसते. मग कोणी तरुण सभासद सुचवितो कीं, ही पेटी काढून टाकावी आणि चित्रें क्लाउडवर, म्हणजे दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणक-कोठारांत, पाठवावीं. सूचना सर्वांना पटते. तेवढ्यांत खजिनदार चष्मा सारखा करून विचारतात, "पण आहेत तेच कॅमेरे त्याला चालतील का?" आणि सभा गप्प होते.

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर कॅमेऱ्याच्या पाठीवरची पट्टी वाचून मिळत नाहीं. पुण्याच्या पेठेंतील एखाद्या वाड्याचा पाया पेशवाईंतला, माडी इंग्रजी अमदानींतली आणि वरचा पत्रा परवांचा असावा, तशी या यंत्रांची घडण आहे. तार एका काळची, चित्र बांधण्याची रीति दुसऱ्या काळची, आणि पासवर्ड विचारण्याची पद्धति तिसऱ्याच काळची. कोणता थर केव्हां व कां चढला हें कळल्यावांचून नव्या कोठाराशीं त्यांचें जमेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं.

या यंत्राचा जन्म घराच्या रखवालीसाठीं झाला नाहीं. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर पेनेम्युंडे येथें १९४२ सालीं जर्मन लष्कराच्या अग्निबाणांचे प्रयोग चालत. पुढें व्ही-२ या नांवानें लंडनवर कोसळले ते हेच बाण. उडतांना बाण फुटण्याचा संभव मोठा, आणि जवळ उभें राहून पाहणें म्हणजे मरणाला आमंत्रण. म्हणून सीमेन्स कंपनीची दूरचित्रवाणीची सामुग्री तेथें आणविण्यांत आली आणि वाल्टर ब्रुख या तंत्रज्ञानें ती उभारली. कॅमेरा उड्डाणस्थळाजवळ, पडदा दूर सुरक्षित जागीं आणि दोहोंच्यामध्यें तार. चित्र लहरींवर सोडावयाचें नाहीं, तारेबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं. म्हणून या रचनेला 'बंद मंडल' हें नांव पडलें, आणि सीसीटीव्ही या आजच्या आद्याक्षरांत तें अजून टिकून आहे. त्या यंत्राला डोळा होता, पण स्मरण नव्हतें. पडद्यापुढें बसलेल्या माणसानें मान वळविली कीं दृश्य कायमचें गेलें.

ब्रुखचें नांव आणखी एका कारणानें घेणें भाग आहे. युद्धानंतर टेलिफुंकेन कंपनींत असतां त्यानें रंगीत दूरचित्रवाणीची 'पाल' ही पद्धति काढिली आणि १९६३ च्या जानेवारींत हॅनोव्हर येथें ती तज्ज्ञांना दाखविली. १९८२ सालीं दिल्लींतील आशियाई खेळांच्या निमित्तानें भारतांत रंगीत चित्र आलें तें याच पद्धतीचें. पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांनीं स्वतःसाठीं निराळी भाषा शोधिली नाहीं. दिवाणखान्यांतल्या दूरचित्रवाणी-संचाचीच उचलली. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रें, ७५ ओहमची कोॲक्सियल केबल आणि तिच्यावर एका व्होल्टचा चढउतार, एवढें ठरलेलें असे. अमेरिकेंत व जपानांत ५२५ रेषांची निराळी पद्धति होती. तो भेद वगळला तर एका कारखान्याचा कॅमेरा, दुसऱ्याचा पडदा आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली केबल हीं तिन्ही एकमेकांना नांवगांव न विचारतां जुळत. चित्र धूसर असे आणि चोराचा चेहरा ओळखूं येत नसे, हें खरें. परंतु 'हा कॅमेरा त्या यंत्राला चालेल काय' हा प्रश्न त्या काळीं बहुधा कोणी विचारीत नसे. नवें यंत्र आणून जुन्याला तुच्छ लेखणाऱ्यांनीं एवढी गोष्ट तरी ध्यानांत ठेवावी.

घराच्या दारावर हा डोळा प्रथम कोणी कल्पिला, तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेनें. तिच्या कामाच्या वेळा अवेळींच्या, पति आल्बर्ट हाहि विद्युत्-यंत्रांच्या कामावर बाहेर, वस्तींत गुन्हे वाढलेले आणि पोलिसांना हांक मारली तर ते येण्यास उशीर. या एकटेपणांतून तिनें व तिच्या पतीनें मिळून एक योजना आंखली. दारांत निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रें, त्यांच्यामागें वर-खालीं सरकणारा कॅमेरा, शयनगृहांत पडदा, बाहेरच्याशीं बोलण्याची सोय, एक कळ दाबली तर दार उघडावें आणि दुसरी दाबली तर धोक्याची सूचना जावी. उंच माणूस असो वा मूल, कोणत्या ना कोणत्या छिद्रांतून तें दिसावें. १ ऑगस्ट १९६६ रोजीं अर्ज गेला आणि २ डिसेंबर १९६९ रोजीं एकस्व मिळालें. आजच्या दारावरच्या घंटी-कॅमेऱ्यांत जें जें आहे, तें बहुतेक सर्व त्या कागदावर होतें. नव्हतें तें एवढेंच कीं चित्र घराबाहेर कोठें सांठवावें. तो विचार करण्याचें तिला कारणहि नव्हतें. तिला दारापलीकडचा माणूस त्या क्षणीं दिसावयास हवा होता.

सांठवणुकीची कथा वेगळ्या वाटेनें आली. १९५६ सालीं अमेरिकेंतील ॲम्पेक्स कंपनीनें चुंबकीय फितीवर दूरचित्रवाणीचें चित्र उतरविणारें यंत्र विक्रीस काढिलें. तें आकारानें कपाटाएवढें आणि किंमतीनें प्रक्षेपण-संस्थांनाच परवडणारें. १९७६ सालीं जपानांत व्हीएचएस कॅसेट निघाली तेव्हां फीत पेढीच्या व दुकानाच्या आवाक्यांत आली. पण कॅसेट दोन-तीन तासांची आणि रात्र बारा तासांची. मग सेकंदाला पंचवीसांऐवजीं एखाद-दोन चित्रें घेऊन एकाच फितीवर पुरता दिवस बसविण्याची युक्ति निघाली. तीच फीत पुनःपुन्हां फिरवून झिजे, आणि ज्या क्षणीं कोणी गल्ल्यांत हात घातला तो क्षण दोन चित्रांच्या फटींत निसटून जाई. पुढें हार्ड डिस्कची पेटी आली, तिचें नांव डीव्हीआर. फीत बदलण्याचा त्रास गेला. कॅमेरा व तार मात्र जुनीच राहिली, कारण पेटीनें ६२५ रेषांची ती जुनी भाषा शिकून घेतली होती. आजहि अनेक इमारतींत हाच थर शाबूत आहे. कॅमेऱ्याच्या मागें पिळून बसविण्याचें गोल धातूचें बीएनसी टोंक आणि शेजारीं विजेची वेगळी तार दिसली, तर तो कॅमेरा त्या पिढीचा असें बहुधा समजावें. तो स्वतः होऊन क्लाउडशीं बोलूं शकत नाहीं. त्याच्यासाठीं दुभाषा लागतो.

दुसरी वाट एका कॉफीच्या भांड्यापासून निघाली, आणि ही हकीकत विनोदी असली तरी खरी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेंत 'ट्रोजन रूम' नांवाच्या खोलीबाहेर कॉफीचें भांडें असे. दूरच्या मजल्यावरचे संशोधक जिने उतरून येत तेव्हां भांडें रिकामें सांपडे. १९९१ सालीं क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनीं भांड्यावर एक कॅमेरा रोखिला आणि त्याचें लहानसें करड्या रंगाचें चित्र आंतल्या संगणक-जाळ्यावर सर्वांना दिसेल अशी व्यवस्था केली. १९९३ सालीं तें चित्र जागतिक जाळ्यावर गेलें आणि जगांतील लाखों लोकांनीं तें भांडें पाहिलें. २२ ऑगस्ट २००१ रोजीं तो कॅमेरा बंद करण्यांत आला. आळसांतून निघालेल्या या शोधानें बंद मंडलाची भिंत फोडली, हें मात्र त्या वेळीं कोणाच्या मनांतहि आलें नसेल.

बाजारांत ही भिंत फोडली ती स्वीडनमधील लुंड गांवच्या ॲक्सिस कंपनीनें. १९८४ सालीं निघालेल्या या कंपनीचा धंदा छपाईयंत्रें संगणक-जाळ्यास जोडून देण्याचा. मार्टिन ग्रेन आणि कार्ल-ॲक्सेल आल्म यांनीं छपाईयंत्राच्या जागीं कॅमेरा कल्पिला, आणि १९९६ सालीं 'नेटआय २००' बाहेर पडला. लहान आकाराचें चित्र सेकंदाला एक, मोठें चित्र सतरा सेकंदांनीं एक, एवढीच त्याची धांव. पहाऱ्यासाठीं तो जवळजवळ निरुपयोगी होता, आणि जुन्या धंद्यांतील मंडळी हंसलीं असतील तर त्यांत नवल नाहीं. पण त्या डबीला स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ता होता. ती आतां कॅमेरा राहिली नव्हती. डोळा असलेला लहानसा संगणक झाली होती.

आणि येथेंच जुनी सोय हरवली. तारेवरून आतां एका व्होल्टचा चढउतार जात नव्हता, आंकडे जात होते. आणि आंकडे कसे बांधावे हें प्रत्येक कारखाना आपापल्या मनानें ठरवूं लागला. कोणी एकेक स्थिरचित्र दाबून पाठवी, कोणी बदललेला भागच तेवढा पाठवी. १९९८ सालीं आरटीएसपी नांवाचा एक सार्वजनिक नियम निघाला. त्यायोगें 'चित्र सुरूं कर, थांब' असें कॅमेऱ्याला सांगण्याची रीति ठरली. २००३ सालीं एच.२६४ ही चित्र दाबण्याची पद्धति आली आणि ती इतकी पसरली कीं आजहि जुन्या कॅमेऱ्यांत बहुधा तीच सांपडते. परंतु कॅमेऱ्याचा शोध कसा घ्यावा, त्याला मान कशी वळवावयास सांगावी, हालचाल दिसल्याचा निरोप त्यानें कोणत्या शब्दांत द्यावा, या बाबतींत दर कारखान्याची बोली निराळी. पाहण्याचें सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांना शेंकडों बोली शिकाव्या लागत. ग्राहक एकदां एका कारखान्याच्या दाराशीं गेला कीं तेथेंच अडके. ही अडचण कोणाला गैरसोयीची आणि कोणाला फायद्याची होती हें सांगावयास नको.

२००८ सालीं ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र येऊन ऑनव्हिफ नांवाचें मंडळ स्थापिलें. त्याच वर्षीं पीएसआयए या नांवाचा दुसराहि गट निघाला. पण जग ऑनव्हिफकडे झुकलें. या मंडळानें कॅमेऱ्याची सामाईक भाषा ठरविली आणि तिचे 'प्रोफाइल' या नांवाचे भाग पाडले. एस हा भाग थेट चित्र पाठविण्याचा, जी हा सांठविलेलें चित्र परत मिळविण्याचा, टी हा एच.२६५ सारख्या नव्या पद्धतींसाठीं. एक कॅमेरा व एक सॉफ्टवेअर दोन्ही एकाच भागाला अनुरूप असतील, तर त्यांचें जमावें अशी ही व्यवस्था.

'जमावें' आणि 'जमतें' यांत अंतर उरलें. खोक्यावर ऑनव्हिफ हा शब्द छापण्यास शाई पुरते. मंडळाच्या यादींत तो नमुना व त्याच्या आंतल्या सॉफ्टवेअरची ती आवृत्ति नोंदलेली असणें ही वेगळी गोष्ट. यादी सर्वांना खुली आहे, तरी खरेदीपूर्वीं ती पाहणारे थोडे. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत ही सोय मुळांत बंद ठेवलेली असते व तिच्यासाठीं निराळें नांव व पासवर्ड करून द्यावा लागतो. सर्वांत गंमतीचा अडथळा घड्याळाचा आहे. ऑनव्हिफच्या रीतींत पासवर्डाच्या जोडीनें वेळेचा शिक्का जातो. शिळा निरोप कोणी चोरून पुन्हां पाठवूं नये म्हणून ही काळजी. जुन्या कॅमेऱ्याचें घड्याळ वीज गेल्यावर मागें पडलेलें असलें, तर अगदीं बरोबर पासवर्ड देऊनहि तो दार उघडीत नाहीं. कारागीर पासवर्ड बदलबदलून थकतो, आणि दोष असतो घड्याळाचा.

क्लाउडचा काळ आला तो या अर्धवट जुळलेल्या संसारावर. २००९ सालीं अमेरिकेंत ड्रॉपकॅम ही कंपनी निघाली. आरंभीं तिनें स्वतःचा कॅमेरा घडविला नाहीं. दुसऱ्या कारखान्याचे कॅमेरे घेऊन चित्रें आपल्या कोठारांत ठेवण्याची सेवा दिली, आणि मग स्वतःचा कॅमेरा काढिला. २०१२ सालीं टेक्सासमधील ऑस्टिन येथें ईगल आय नेटवर्क्स निघाली. तिनें उलट मार्ग धरिला. ग्राहकाच्या इमारतींत एक लहान पेटी ठेवावयाची, तिनें जुन्या कॅमेऱ्यांशीं त्यांच्या बोलींत बोलावयाचें, आणि क्लाउडशीं क्लाउडच्या भाषेंत. हिला 'ब्रिज' म्हणतात आणि नांव यथार्थ आहे. पुढें अनेकांनीं ही रीति उचलली. बीएनसी टोंकाच्या कॅमेऱ्यांनाहि तिनें आधार दिला. कारण चालू डीव्हीआर किंवा 'एन्कोडर' नांवाची डबी जुन्या चित्राचे आंकडे करून देते आणि ब्रिज ते पुढें नेतो.

खजिनदारांच्या प्रश्नाचें उत्तर या ठिकाणीं देतां येतें, आणि तें एका सकाळचें काम आहे. जाणता कारागीर प्रथम शिडीवर चढून टोंक पाहतो: गोल धातूचें कीं फोनच्या तारेसारखें चौकोनी. चौकोनी असेल तर नमुन्याचा क्रमांक व आंतली आवृत्ति टिपून ऑनव्हिफच्या यादींत आणि क्लाउड कंपनीच्या स्वतःच्या यादींत शोधतो. मग लॅपटॉप त्याच जाळ्याला जोडून व्हीएलसीसारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्यें कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता घालतो. चित्र उमटलें तर निम्मी लढाई जिंकली. निदान त्या कॅमेऱ्याला परक्याशीं बोलतां येतें. एच.२६४ आहे कीं कारखान्याची कांहीं खास पद्धति, घड्याळ बरोबर आहे का, पासवर्ड कोणाजवळ आहे, हें त्यानंतर. शेवटचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं आणि तोच बिल ठरवितो. स्पष्ट चित्राचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट पाठवूं लागला तर दिवसाचे सुमारें साडेएकवीस गिगाबाइट होतात, महिन्याचे साडेसहाशें. असे सोळा कॅमेरे अखंड चढवावयाचे तर इमारतीच्या जोडणींतून बाहेर जाणारा वेग सतत ३२ मेगाबिट हवा. जाहिरातींत सांगतात तो वेग बहुधा आंत येणारा असतो. म्हणून शहाणा ब्रिज पूर्ण चित्र स्वतःजवळ ठेवतो, हालचालीच्या वेळचेंच वर पाठवितो, उरलेलें रात्रीं सवडीनें.

जुळणी झाली तरी सावधगिरीचा एक धडा २०१६ सालीं जगाला मिळाला. घरबसल्या कॅमेरा पाहतां यावा म्हणून लोकांनीं राउटरमध्यें बाहेरून आंत येणारीं दारें उघडून ठेवलीं होतीं, आणि कॅमेऱ्यांचे पासवर्ड कारखान्यांत घातलेलेच राहिले होते. 'मिराई' नांवाच्या घातक सॉफ्टवेअरपाशीं अशा साठेक ठराविक नांव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. तेवढ्यानें त्यानें लाखों कॅमेरे, पेट्या व राउटर वश केले. २१ ऑक्टोबर १९१६ नव्हे, २०१६ चा हा दिवस: त्या फौजेनें अमेरिकेंतील डिन या कंपनीवर मारा केला आणि अनेक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास अदृश्य झालीं. चोर पकडावयास बसविलेले पहारेकरीच दरोड्यांत सामील झाले, आणि मालकांना त्याची गंधवार्ताहि नव्हती. ब्रिज आंतूनच बाहेर हांक मारतो, बाहेरच्यासाठीं दार उघडीत नाहीं. त्यामुळें जुन्या कॅमेऱ्यांना तो थोडें अभय देतो. मात्र कोठारच फुटलें तर काय, याचें उत्तर मार्च २०२१ मध्यें मिळालें. व्हर्काडा या क्लाउड-कॅमेऱ्यांच्या कंपनींत शिरकाव झाला आणि रुग्णालयें, शाळा, तुरुंग यांतील सुमारें दीड लाख कॅमेऱ्यांचीं चित्रें परक्यांच्या दृष्टीस पडूं शकलीं. पूर्वीं चोराला त्यासाठीं एकेका इमारतींत वेगळें शिरावें लागलें असतें.

ड्रॉपकॅमची गोष्ट पुरी करावयाची राहिली. २०१४ सालीं ती ५५ कोटी ५० लाख डॉलरांस गूगलच्या नेस्ट कंपनीकडे गेली. ८ एप्रिल २०२४ रोजीं तिच्या जुन्या कॅमेऱ्यांची सेवा बंद करण्यांत आली. त्या दिवशीं कांच फुटली नव्हती, तार तुटली नव्हती. पण ते कॅमेरे एकाच कोठाराची भाषा जाणत होते आणि त्या कोठाराचें दार मिटलें. पेनेम्युंडेच्या धूसर पडद्यावर दिसणारें ६२५ रेषांचें चित्र आजहि एखादा जुना संच दाखवील, असें म्हटलें तर तें काळाचा घोटाळा ठरेल, कारण त्या वेळीं रेषांची संख्या निराळी होती. परंतु १९८५ चा कॅमेरा २०१५ च्या डीव्हीआरला जोडला तर चित्र येई, एवढें निःसंशय.

महाराष्ट्रांत या विषयाला निराळें गांभीर्य आलें तें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं. छत्रपति शिवाजी टर्मिनसमधील कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं दृश्यें पुढें खटल्यांत पुराव्यांत आलीं. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या शिफारशींनंतरहि शहरभर कॅमेरे बसण्यास बराच काळ गेला. २ ऑक्टोबर २०१६ रोजीं साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांची मुंबईची योजना पुरी झाली. २ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें देशांतील प्रत्येक पोलिस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश देतांना सांठवणीची मुदतहि घातली: शक्य तर अठरा महिने, निदान एक वर्ष. वरच्याच हिशेबानें एका कॅमेऱ्याचें वर्षाचें चित्र जवळजवळ आठ हजार गिगाबाइट भरतें. कोठडींत काय घडलें हें सांगणारा दुसरा साक्षीदार पुष्कळदां नसतो. म्हणून कोठाराचा हा रुक्ष हिशेब कोणाच्या तरी जिवाशीं येऊन भिडतो.

चित्र टिकलें तरी न्यायालयांत तें उभें राहील काय, हा प्रश्न जालना येथील निवडणुकीनें ऐरणीवर आणिला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत २७ सप्टेंबर रोजीं दुपारीं तीन वाजेपर्यंत उमेदवारी अर्ज द्यावयाचे होते. एका विजयी उमेदवाराचे अर्ज त्या वेळेनंतर आले, असा आक्षेप होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीच्या आंत व बाहेर चित्रण करणारे कॅमेरे होते. चित्रणाच्या तबकड्या उच्च न्यायालयापुढें आल्या; पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणें लागणारें प्रमाणपत्र वारंवार मागूनहि अधिकाऱ्यांनीं दिलें नाहीं. औरंगाबाद खंडपीठानें २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं निवडणूक रद्द ठरविली, आणि १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला. निकाल देतांना न्यायालयानें भेद सांगितला तो असा: मूळ यंत्रच घेऊन त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाहीं, परंतु यंत्र एखाद्या जाळ्याचा भाग असेल आणि तें न्यायालयांत उचलून आणणें अशक्य असेल, तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. पक्षकारानें आपल्याकडून सर्व प्रयत्न करूनहि तें मिळालें नाहीं, तेवढ्यापुरती जालन्याच्या प्रकरणांत सूट मिळाली.

कार्यालयांतील जुनी पेटी, कितीहि कुरकुरत असली तरी, रिक्षांत घालून न्यायालयांत नेतां येत होती. क्लाउडचें कोठार नेतां येत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नें प्रमाणपत्राचा नमुनाच घालून दिला आहे. त्याचे दोन भाग असून दोहोंत त्या चित्रणाचा 'हॅश', म्हणजे एक अक्षर बदललें तरी बदलणारा ओळख-आंकडा, लिहावा लागतो. पहिला भाग पुरावा आणणाऱ्यानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें. क्लाउड कंपनी चित्रणाबरोबर तो आंकडा देते काय आणि कागदावर सही करावयास तिचा माणूस येतो काय, हें करारांत लिहून घेणाऱ्या संस्था अजून थोड्याच आहेत. दरम्यान ९ एप्रिल २०२५ पासून भारतांत नव्यानें विकावयाच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेची सुरक्षा-परीक्षा उत्तीर्ण होणें बंधनकारक झालें. भिंतींवर आधींच बसलेल्या कॅमेऱ्यांची परीक्षा मात्र त्यांच्या मालकांनाच, शिडीवर चढून आणि लॅपटॉप जोडून, घ्यावी लागते.